पाठमोरी

दि. ४ मे

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानेच भरते, त्यापेक्षा कागद बरा. तुझं दुकान कसं चाललं आहे? लोकांचे टीव्ही उघडून ठेवतोस आणि बंद करायला विसरतोस, ही तुझी लहानपणची खोड दुकानात तरी सुटली असेल अशी आशा आहे.

सोबतचं पार्सल जपून उघड. हे गेल्यापासून त्यांच्या हत्यारांच्या पेटीला मी हात लावला नव्हता. मार्चअखेरीस धीर केला. तळाशी, पक्कडी आणि वायरींच्या खाली, त्यांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली ही करडी डबी निघाली. तुम्ही पोरं सुट्टीत टीव्हीला जोडून खेळायचात ना, त्या खेळाच्या कार्ट्रिजसारखी दिसते, पण वर नाव नाही, चित्र नाही, आणि पाठीला करवतीने चौकोनी भोक पाडलेलं आहे. फार कळकट होती आणि दमट वास मारत होती. मी स्वच्छ पुसून, छान ऊन दाखवून पाठवते आहे.

कोपऱ्यावरच्या जुन्या वस्तूवाल्याला आधी दाखवली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि अगदी सहज म्हणाला की राहू द्या इथेच, बदल्यात चांगली किटली देतो. इतका उदार झालेला मी त्याला कधी पाहिला नाही, म्हणून डबी घेऊन तडक घरी आले.

किंमत येत असेल तर मला हवी आहे, खोटं कशाला बोलू. कमरेतला सांधा आता झिजलाय आणि डॉक्टर म्हणतात जिना सोडा. याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली रिकामी होते आहे. पण मला त्याआधी दुसरं काही हवं आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही.

तुला माहीत आहे की तुझे मामा आधी त्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत होते. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी त्यांनी ती सोडली आणि लिफ्टवाल्यांच्या ऑफिसात लागले. पगार नियमित असतो, एवढंच कारण मला सांगितलं. त्यानंतर दोन हिवाळे ते रोज उशिरा घरी यायचे. विचारलं की म्हणायचे, काम वाढलंय. एका संध्याकाळी ते किल्ली विसरून गेले होते म्हणून मी त्यांच्या ऑफिसपर्यंत गेले. कुलूप होतं. पहारेकरी म्हणाला, इथे पाचनंतर कुणी थांबत नाही, कधीच नाही.

मी परत आले आणि आमटी गरम करत बसले. त्यांना काही विचारलं नाही. पुढे ते वेळेवर येऊ लागले, तरी विचारलं नाही. असं माणूस संध्याकाळी कुठे जातं, ते न सांगताही कळतं, असं मी धरून चालले. दिसायला मी कशी होते ते मला ठाऊक होतं. वाईट वागले नाहीत ते कधी. आयुष्यभर माझ्या चार पावलं पुढे चालले आणि शेवटी गेलेही पुढेच. पण ती दोन वर्षं माझ्या घशात अडकून राहिली आहेत.

तेव्हा एवढंच शोध. ही वस्तू त्यांच्या हातची आहे का, आणि कधीची. कंपनीत असतानाची असेल तर तिचा माझ्या प्रश्नाशी संबंध नाही, मग खुशाल विकून टाक. नंतरची असेल तर मला सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही झाकून ठेवायचं नाही.

कळावे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मामी


दि. १७ मे

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल सुखरूप पोचलं. तू इतकी सुतळी बांधली होतीस की उघडायला मला डबी उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी कात्री मागवली.

पत्र दोनदा वाचलं. मामा मला आठवतात ते बाजारातून येताना. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढे मामा, आणि मागे रमतगमत तू आणि मी. मला वाटायचं, त्यांना भूक लागली असेल. तू विचारलं आहेस ते मी शोधतो, आणि जे सापडेल ते जसंच्या तसं लिहितो.

आता डबीबद्दल. ही दुकानात विकायला ठेवलेली वस्तू नव्हे. बाजारात खेळ आणण्यापूर्वी बनवणारे स्वतःसाठी एक-दोन कच्च्या प्रती करतात, चालवून बघायला आणि चुका काढायला. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. काम झालं की त्या बहुधा पुसून दुसऱ्या खेळाला वापरतात, म्हणून त्या सहसा उरत नाहीत, आणि जी उरते तिच्यासाठी संग्रह करणारे लोक जिवाचं रान करतात. किटलीवाल्याचं औदार्य त्यातलं. पाठीचं भोक याच कामासाठी आहे. आतल्या दोन चिप नेहमीच्यापेक्षा उंच आहेत, झाकण बसत नाही, म्हणून कापलं. तारा जोडणारे सोल्डरचे डाग हाताने दिलेले आहेत, आणि प्रत्येक डागाच्या शेवटी मामांची ती बारीक शेपटी आहे. माझ्या दुकानातला पहिला सोल्डरिंगचा धडा त्यांनीच दिला होता, त्यामुळे ती मी कुठेही ओळखेन. हात त्यांचाच आहे, मामी. यात शंका नको.

आणि कधीची, तेही कळलं. चिप बनवणारे कारखाने तिच्या अंगावर वर्ष आणि आठवडा छापतात. या दोन्ही माझ्या जन्माच्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या आहेत. म्हणजे मामा लिफ्टच्या ऑफिसात लागल्यानंतरच्या. कंपनीत असताना त्यांनी हे केलं असणं शक्यच नाही. तू झाकू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो.

आता एक विचारतो, आणि तू घाबरू नकोस. या जातीच्या चिपच्या पाठीवर छोटी गोल काचेची खिडकी असते. आत लिहिलेलं पुसायचं झालं तर त्या खिडकीतून प्रखर उजेड सोडतात. म्हणून लिहून झालं की खिडकीवर कागद चिकटवायचा असतो. दोनपैकी एका चिपवर कागद आहे. दुसरीची काच उघडी आहे, आणि चकचकीत आहे. तिच्यावर कधी कागद होता का? आणि ऊन दाखवलंस म्हणजे नक्की किती दाखवलंस?

मी डबी अजून कशालाही जोडलेली नाही. तुझ्या उत्तराची वाट बघतो. सांध्याची काळजी घे, पाण्याच्या बाटल्या स्वतः वर नेऊ नकोस.

तुझ्या आशीर्वादाचा हक्क सांगणारा,
खटपट्या


दि. २४ मे

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

होता कागद. दोन्हींवर होते. एक अगदी पिवळा पडून कडेने सुटला होता आणि भिकार दिसत होता. तुला माझी सवय माहीत आहे, घरात बरणी आली की तिचं लेबल सुटल्याशिवाय मला चैन पडत नाही. ओल्या फडक्याने भिजवून अलगद काढला, डिंक खरवडला, काच लख्ख केली. मग खिडकीबाहेरच्या पत्र्यावर महिनाभर रोज ऊन दिलं. सकाळी ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. पापडासारखी जपली रे मी ती.

कागद मी फेकला नाही. त्यावर यांचं अक्षर होतं, म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. त्यावर लिहिलंय, काढू नये. मला वाटलं, चिप उपटून काढू नये असं म्हणताहेत. चिपला मी कुठे हात लावला? आता रोज कपाट उघडलं की तेवढेच दोन शब्द दिसतात. जन्मभर ज्या माणसाने मला एका शब्दाने हे कर, हे करू नको म्हटलं नाही, त्याने एकदाच काही सांगून ठेवलं होतं.

तू लिहिलेलं वर्षही मी वाचलं. म्हणजे लिफ्टच्या ऑफिसातून सुटले की ते कुठेतरी बसून हे करत होते. पण कुठे, कुणाच्या घरी, कुणाच्या दिव्याखाली? आणि मला का सांगितलं नाही? आनंदाची गोष्ट असती तर माणूस घरी येऊन सांगतो. उत्तर तुझ्या चिपमध्ये असेल, आणि ते मी माझ्या हाताने पत्र्यावर वाळत घातलं असेल, या विचाराने जेवण जात नाही.

जे उरलं असेल ते काढून बघ. काहीच उरलं नसेल तर तसंही लिही.

तुझी
मामी


दि. २० जून

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. घाई करण्यासारखं काम नव्हतं.

आधी वाईट बातमी. उघडी चिप पुसली गेली आहे. तिच्यात खेळाचा प्रोग्राम होता, म्हणजे काय कधी हलावं, कशाने गुण मिळावे, खेळ कसा संपावा ते सगळं. त्यातलं वाचता येण्यासारखं काही राहिलेलं नाही. तो खेळ आता कुणालाच खेळता येणार नाही. तू स्वतःला बोल लावशील हे मला माहीत आहे. पण कागद सुटलेलाच होता, मामी. आज ना उद्या ते व्हायचंच होतं.

आता बरी बातमी. कागदवाली चिप शाबूत आहे, आणि तिच्यात खेळातली चित्रं आहेत. सगळी वाचून मी उतरवून घेतली. एक उंच, अरुंद जिना आहे. खाली नळ, वर एक दार. प्रत्येक मजल्याच्या वळणावर दिवा, आणि एका वळणावर झोपलेलं मांजर. मुख्य आकृती एका बाईची आहे. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या, पाठीवर लांब वेणी. ती जिना चढते. सगळ्या चित्रांत ती पाठमोरी आहे, चेहरा काढलेलाच नाही. तिच्याशिवाय दुसरं माणूस कुठेही नाही. ना चोर, ना शिपाई, ना राक्षस. असला खेळ मी कधी पाहिला नव्हता.

किंमत ठरवायला एक पारखी बोलावला होता. जुन्या खेळांचा तो नावाजलेला जाणकार आहे आणि एका संग्राहकासाठी खरेदी करतो. वस्तू खरी आहे याचा दाखला मिळवायला त्याने मामांच्या त्या कंपनीच्या मालकांना शोधून काढलं. म्हातारे झालेत, पण त्यांना मामा चांगले आठवतात. त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून नीट वाच.

हा खेळ मामांनी कंपनीत असतानाच सुरू केला होता. मालक म्हणाले, पाणी भरणारी बाई कोण विकत घेणार, तिच्याजागी एखादा शिपाई घाला. मामा नाही म्हणाले. मालकांनी महिनाभर समजावलं. मामा नाहीच म्हणाले, आणि त्यावरून नोकरी गेली. मग काही दिवसांनी ते एका संध्याकाळी परत आले आणि एवढंच विचारलं की कंपनी सुटल्यावर मशीन वापरू द्याल का, चिप माझ्या मी आणेन. मालकांना वाईट वाटत होतंच, त्यांनी किल्ली देऊन टाकली. दोन हिवाळे मामा त्या रिकाम्या कंपनीत एकटे बसून हे करत होते. मालक कधीमधी डोकावायचे. दुसरं कुणी यायचं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. एक दिवस मामा किल्ली परत करून गेले. खेळ पूर्ण झाला का, असं मालकांनी विचारलं, तर म्हणाले, आता गरज राहिली नाही. म्हणजे काय ते मालकांना कळलं नाही, आणि मलाही नाही.

तेव्हा मामी, घशातलं ते आता गिळून टाक. दुसरं कुणी नव्हतं. नोकरी गेल्याचं त्यांना तुला सांगवलं नसेल, बस.

आता व्यवहाराचं. दोन्ही चिप चांगल्या असत्या तर तळमजल्याची खोली काय, मागचं अंगणही आलं असतं. एकच असल्याने पारखी फार कमी देतो. पण त्याचा एक प्रस्ताव आहे. संग्राहकाकडे जाणकार माणसं आहेत, ती प्रोग्राम नव्याने लिहून खेळ चालता करतील. शिवाय चित्रांत जे दोष आहेत ते दुरुस्त करून त्याच चिपवर पुन्हा भरतील. हे सगळं तू लिहून मान्य केलंस तर खोलीपुरते पैसे तो नक्की देतो.

दोष त्याने असे काढले आहेत. बाईच्या चालीची आठ चित्रं आहेत. त्यांत डावा पाय दर वेळी तोकडा पडतो आणि धड त्या बाजूला कलतं, त्यामुळे चाल बिघडलेली दिसते. आणि डाव्या बादलीखाली काही ठिपके आहेत, ते चिप जुनी झाल्याने पडले असावेत असं त्याचं म्हणणं. मामांच्या हातून पायांची मापं अशी कशी चुकली याचं मला नवल वाटतं, पण त्या काळी चौकोन मोजून कागदावर काढायचे, होत असेल. सोबत ती आठ चित्रं मोठी करून छापून पाठवतो, म्हणजे तुलाही अंदाज येईल. मला वाटतं, हो म्हणून टाकावं. तुला जिना चढताना बघणं आता माझ्याच्याने होत नाही.

तुझ्या होकाराची आणि नेहमीच्या मायेची वाट बघत,
खटपट्या


दि. २८ जून

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी वाचलं आणि चित्रांचा कागद मागाहून उघडला. वाचताना, देवाशपथ सांगते, पहिल्यांदा मला मत्सर वाटला. जिच्यापायी यांनी हातची नोकरी सोडली ती ही वेणीवाली कोण, म्हणून. या वयात! मग कागद उघडला आणि तो डावा पाय बघितला.

ती चूक नाही रे. त्या पारख्याला सांग, ती चूक नाही.

तुला हे माहीत असायचं कारण नाही. माझा डावा पाय जन्मापासून आखूड होता. कमरेचं ऑपरेशन झालं ते तू वर्षाचा असताना. तू आणि मी एकाच वर्षी चालायला शिकलो, असं तुझी आई हसून म्हणायची, ते तुला लहानपणची गंमत वाटली असेल. त्याआधीचे माझे फोटो बघ, सगळे बसलेले आहेत. मीच उभी राहायचे नाही.

लग्न झालं तेव्हा आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती आणि पाणी खाली अंगणातल्या नळाला. दोन बादल्या घेऊन मी तो जिना चढायची. डावा पाय टेकला की अंग तिकडे जायचं आणि डाव्या बादलीतून पाणी सांडायचं, दर खेपेला, दर दुसऱ्या पायरीला. ते ठिपके चिप जुनी झाल्याचे नाहीत. ते पाणी आहे. ते नसतं तर मी मला ओळखलं नसतं. मांजरसुद्धा खरं आहे, तिसऱ्या मजल्यावरचं, त्याला ओलांडताना मी घाबरायची.

हे म्हणायचे, बादल्या मी आणतो. मी आणू द्यायची नाही. लोक म्हणतील, लंगडी केली आणि नवऱ्याला राबवते. आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बजावलं होतं की माझी चाल बघायची नाही. रस्त्याने जाताना तुम्ही पुढे चाला, मागे वळायचं नाही, माझ्या पायाकडे कुणी बघितलेलं मला सहन होत नाही. त्यांनी बरं म्हटलं. त्यावर एक शब्द वाढवला नाही. त्या दिवसापासून ते पुढे चालले, आणि पाय सरळ झाल्यावरही पुढेच चालत राहिले, कारण आता चालेल, असं मी कधी म्हणालेच नाही. तुला वाटायचं त्यांना भूक लागली आहे.

म्हणूनच त्यांना मला सांगता येईना. काय सांगणार? ज्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं त्याचीच आठ चित्रं काढली, आणि ती बदलायला नाही म्हटलं म्हणून नोकरी गेली, असं? आणि किल्ली परत केली ती माझं ऑपरेशन झाल्यावर. आता गरज राहिली नाही म्हणाले, त्याचा अर्थ त्या मालकांना नसेल कळला. मला कळला. ती चाल घरातून गेली होती.

मी मात्र कुलूप लावलेल्या दारावरून सगळं आयुष्य ठरवून मोकळी झाले. जेवायला वाढताना, आजारपणात उशाशी बसताना, मनाच्या कोपऱ्यात ते धरून बसले. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, असं आता वाटतं. त्यांच्याकडे खोटं बोलायचं अंग नव्हतं, फक्त न बोलायचं होतं. फार रडले. आज जरा बरी आहे.

तेव्हा पारख्याला माझा निरोप दे. प्रोग्राम त्यांना हवा तर त्यांच्या चिपवर, त्यांच्या मनाचा लिहू देत, पण यांच्या चिपला हात लावायचा नाही आणि त्या बाईची चाल सरळ करायची नाही. चाल सरळ करायला डॉक्टर होते, त्यांनी केली. अशी हवी असेल तर तो जे कमी देतो त्यात घेऊ दे. नको असेल तर डबी परत पाठव, आणि खिडकी झाकून पाठव. तो पिवळा कागद मी या पाकिटात घालते आहे, तोच लाव. माझ्या जिन्याची काळजी करू नकोस. पाय पुन्हा तसाच पडू लागला आहे, पण आता कुणी मागून बघितलं तर माझी हरकत नाही.

आणि तू लिहितोस की त्या बाईशिवाय खेळात दुसरं माणूसच नाही, आणि ती सगळीकडे पाठमोरी आहे. असणारच. ते खाली नळापाशी उभे राहून बघताहेत. आयुष्यभर मी त्यांना पुढे चालायला लावलं, तेवढ्या एका जागी ते माझ्या मागे उभे राहिले.

कळावे. उन्हापासून जपण्यासारखं जे काही आहे, त्यात आपला लोभही धर.

तुझी
मामी